पोत्याच्या तळची मूठ

आमच्या भावजींना संस्थेत सगळे पाचोळासाहेब म्हणायचे. पाठीमागे नाही, अगदी तोंडावर, आणि भावजी त्याला 'ओ' द्यायचे. भावजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. आम्ही दोघंही एकाच संस्थेत नोकरीला, ते तळमजल्यावर आणि मी दुसऱ्या मजल्यावर. मला ही नोकरी त्यांच्या वशिल्यानं लागली असं लोक अजून म्हणतात. साफ खोटं. भावजींनी माझ्यासाठी शब्द टाकला असता तर नोकरी मिळालीच नसती, कारण त्यांनी मुलाखत घेणाऱ्यांना माझे दोषही नीट क्रमानं सांगितले असते.

संस्थेचं काम म्हणजे झाडापाल्यातून कॅन्सरवर काही औषध निघतं का ते तपासायचं. ऐकायला फार मोठं वाटतं, पण त्याची सुरुवात पोत्यापासून होते. आमचा एक माणूस रानोमाळ फिरून पानं, साली, मुळं गोळा करतो आणि पोत्यात भरून पाठवतो. तळमजल्यावर ती सावलीत वाळतात, दळली जातात, स्पिरिटात भिजतात. स्पिरिट उडवून लावलं की तळाशी काळपट, चिकट अर्क उरतो. तो वर माझ्याकडे येतो. माझ्याकडे उबेच्या कपाटात चपट्या बाटल्या आहेत, त्यांत गुलाबी पाणी आणि पाण्याखाली तळाला चिकटून बसलेल्या कॅन्सरच्या पेशी. एक दिवसाआड त्यांना ताजं पाणी घालायचं, दाटी झाली की अर्ध्या काढून दुसऱ्या बाटलीत बसवायच्या. सगळं जग ज्यांच्यावर उठलंय त्यांना मी वीस वर्षं खाऊपिऊ घातलंय. शेजारच्या बाटल्यांत निरोगी पेशी असतात. त्यांचे नखरे जास्त, लाडही जास्त.

बारीक खळग्यांच्या प्लेटमध्ये दोन्ही पेशी घ्यायच्या आणि त्यांवर अर्क घालून बघायचा. कॅन्सरच्या मेल्या आणि निरोगी तगल्या तर पुढचं बोलायचं. दोन्ही मेल्या तर ते नुसतं विष, आणि विष काय, दुकानातही मिळतं. बहुतेक वेळा काहीच होत नाही. पेशी मजेत वाढत राहतात आणि आपण वहीत शून्य लिहितो.

भावजी या सगळ्याच्या उगमाशी बसायचे. त्यांच्या खोलीत भिंतीला भिंत लावून लोखंडी कपाटं, कपाटांत वाळलेल्या वनस्पतींची शीट्स, आणि खोलीभर डांबरगोळ्यांचा असा वास की डबा तिथे उघडायची सोय नाही. प्रत्येक पोत्यासोबत त्याच झाडाची एक फांदी यायची. ती वर्तमानपत्रांच्या घड्यांत, लाकडी फळ्यांखाली दाबायची. रोज कागद बदलायचे. आठ दिवसांनी ती जाड पांढऱ्या कागदावर सुईदोऱ्यानं टाचायची आणि उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी डकवायची. चिठ्ठीवर नंबर, झाडाचं नाव, कुठून आलं, कधी आलं आणि सही. पण त्याआधी पोतं चादरीवर ओतून, दोन्ही हातांनी उलथंपालथं करून बघायचं. सहीचा अर्थ एवढाच, की ही फांदी आणि हे पोतं एकाच झाडाचं आहे, मी बघितलंय. त्यांची सही झाल्याशिवाय दळणाच्या यंत्राचं बटण कुणी दाबायचं नाही. दळणवाले शेजारून बोंब मारायचे, साहेब, लवकर करा. साहेब चादरीवर गुडघे टेकून पानं चाळत असायचे.

या कामात एक नियम आहे, जगभर पाळतात असं ते सांगायचे. चिठ्ठीवरचं नाव चुकलंय असं पुढे कुणाच्या लक्षात आलं, तर जुनी चिठ्ठी काढायची नाही. खोडायची नाही, पांढरी शाई फासायची नाही. तिच्या शेजारी नवी चिठ्ठी लावायची, त्यावर बरोबर नाव, तारीख आणि दुरुस्त करणाऱ्याची सही. म्हणजे चुकलं कोण आणि सुधारलं कुणी, दोन्ही कायमचं दिसत राहतं. भावजींनी भल्याभल्या विद्वानांच्या शीटवर अशा चिठ्ठ्या लावल्या होत्या. चहाचा नाही, पानाचा नाही, त्या माणसाला शौक होता तो एवढाच. संध्याकाळी घरी आले की बूट काढता काढता ताईला सांगायचे, "आज एका डॉक्टरेटला चिठ्ठी लावली." ताई म्हणायची, "अभिनंदन. आता कोपऱ्यातली रद्दी उचला."

त्यांच्या स्वतःच्या शीटवर मात्र चौतीस वर्षांत कुणी चिठ्ठी लावली नव्हती. ते कधी बोलून दाखवायचे नाहीत, पण त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. कपाटासमोरून चालताना खांदे जरा ताठ व्हायचे.

आणि त्यांची एक खोड होती, जी कुठल्याच नियमात नव्हती. पोतं ओतण्याआधी ते त्यात खांद्यापर्यंत हात घालायचे, अगदी तळची एक मूठ काढायचे, आणि ती तपकिरी पाकिटात घालून शीटला चिकटवून टाकायचे. वरवरचं सगळेच नीटनेटकं लावतात, असं त्यांचं म्हणणं. दळणवाले चेष्टा करायचे.

"साहेब, त्या मुठीचं करता काय?"

"ठेवतो."

"कुणी बघतं का कधी?"

"अजून तरी नाही."

"मग?"

"मग ठेवतो."

दुसऱ्या मजल्यावर माझ्यासोबत एक संशोधक मुलगी काम करायची. आम्ही तिला चिमणी म्हणायचो. डबा उभ्या उभ्या खायची, दोन घास खाल्ले की प्लेट बघायला पळायची, परत येऊन दोन घास. तीन वर्षं तिनं पोत्यामागून पोती तपासली आणि वहीत शून्यामागून शून्यं लिहिली. मग आलं चौदाशे सात नंबरचं पोतं. त्या झाडाचं खरं नाव हातभर लांब आहे, आम्ही त्याला नंबरानंच ओळखतो.

त्या दिवशी तिनं मला हाताला धरून मायक्रोस्कोपशी नेलं. "मावशी, तुम्ही बघा. माझ्यावर विश्वास नाही माझा." मी बघितलं. आदल्या दिवशीपर्यंत तळाला घट्ट चिकटलेल्या, ऐसपैस पसरलेल्या कॅन्सरच्या पेशी आक्रसून गोल झाल्या होत्या आणि पाण्यात मोकाट तरंगत होत्या. शेजारच्या खळग्यांत निरोगी पेशी जिथल्या तिथे बसलेल्या. वीस वर्षांत मी असं स्वच्छ दृश्य दोनदा बघितलंय, त्यातलं हे एक. तिनं तोच प्रयोग तीनदा केला, तिन्हीदा तेच. आमचे मोठे सर, जे लिफ्ट बंद असली की वर येतच नाहीत, ते त्या दिवशी जिना चढून आले. पुढच्या महिन्यात त्यांनी कुठल्याशा परिषदेत भाषणही ठोकलं.

तेवढ्यात अर्क संपला. त्याच झाडाचं दुसरं पोतं मागवलं. सहा महिन्यांनी आलं, आणि काही म्हणजे काही झालं नाही. पेशी मजेत. मग तिसरं पोतं. पुन्हा शून्य.

आता भाषण केलेल्या माणसाची पंचाईत तुम्ही समजू शकता. सर मनानं वाईट नव्हते, पण त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कुणीतरी कुजबुजलं की पहिले आकडे चिमणीनं बनवले असणार. एकदा असं वाक्य हवेत सुटलं की ते कुणी सोडलं हे विचारायची सोय उरत नाही. बाहेरच्या तिघांची समिती नेमली गेली. चिमणीच्या वह्या कुलपात गेल्या. दोष सिद्ध झाला तर तीन वर्षं पाण्यात आणि पुन्हा कुठल्याही प्रयोगशाळेचं दार बंद. मी म्हटलं, मी स्वतः बघितलंय, मी सांगते. तर सर म्हणाले, तुम्ही पेशी दिल्यात, आकडे तिनं घेतलेत. फोटो होते, पण मेलेल्या पेशींचा फोटो कुठल्याही अर्काचा असू शकतो. माझ्या बघण्याला कागद नव्हता.

समितीच्या आठवडाभर आधी ती मला जिन्यात बसलेली सापडली. मांडीवर डबा, न उघडलेला. रडत नव्हती. मला बघून म्हणाली, "मावशी, एक विचारू? मी खरंच बघितलं होतं ना ते?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोकांनी संशय घेतला ते एक वेळ ठीक, पण या पोरीला स्वतःच्या डोळ्यांवरच संशय यायला लागला होता.

आमचं घर ताईच्याच इमारतीत, एक मजला वर. त्या संध्याकाळी मी तिच्याकडे चहाला बसले आणि सगळी भडास काढली. सरांचा उद्धार केला, समितीचा केला. भावजी ऐकत होते. मी जिन्यातला प्रश्न सांगितला तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला, आणि तो बशीत नाही, बशीच्या कडेवर ठेवला. सगळा चहा टेबलभर. ताई फडकं आणत म्हणाली, "अहो, लक्ष कुठाय तुमचं? आठवड्यात तिसऱ्यांदा."

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून फोन. "जरा खाली ये. आणि चष्मा आण तुझा."

मी गेले. दार लावलेलं. टेबलावर चौदाशे सातचं शीट, फांदी नीट टाचलेली, कोपऱ्यात त्यांची वळणदार सही. शेजारी पांढरा कोरा कागद. भावजींनी शीटवरचं तपकिरी पाकीट उघडलं आणि मूठभर पानं कागदावर ओतली. मग खुर्ची मागे सरकवली.

"बघ आणि सांग. एका जातीची आहेत की दोन?"

"मी? तुम्ही असताना?"

"तू सांग."

मी चष्मा लावून वाकले. काही पानं पातळ, दुमडलेली, शिरांची जाळी स्पष्ट. काही जाड, ताठ, शिरा जवळजवळ दिसतच नाहीत. रंग वाळून सारखाच झालेला, पण शेजारी शेजारी ठेवली की आंधळ्यालाही कळेल असा फरक. हे वाक्य मी मोठ्यानं बोलले, आणि दोनच मिनिटांनी मला त्याची लाज वाटली.

"दोन," मी म्हटलं.

"जाड मोज."

"सतरा."

"एकूण?"

"त्रेचाळीस."

त्यांनी एक जाड पान बोटांत धरून हळूच वाकवलं. ते कट्कन मोडलं. "बांडगूळ," ते म्हणाले.

बांडगूळ म्हणजे दुसऱ्या झाडाच्या फांदीवर वाढणारं आणि त्याच झाडाचा रस पिणारं झुडूप. आमच्या घरात हा शब्द आमच्या धाकट्या भावासाठी राखीव होता, पण ते असो. पहिल्या वेळी ज्या झाडाची पानं तोडली त्याच्या फांद्यांवर बांडगूळ माजलेलं होतं आणि त्याची पानं पोत्यात गेली. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी दुसरी झाडं मिळाली, स्वच्छ. पेशी मारल्या त्या झाडानं नाही, त्याच्यावरच्या बांडगुळानं. चिमणीनं बघितलं होतं ते शंभर टक्के खरं होतं.

मला आधी आनंद झाला. मग डोक्यात दुसरी गोष्ट शिरली. "पण भावजी, तुम्ही तर पोतं चाळता. तुम्हाला दिसलं कसं नाही?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच ठेवला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सव्वा वर्षापूर्वीच डॉक्टरांनी सांगितलं होतं, शस्त्रक्रिया करून घ्या. पण त्यासाठी रजा, रजेनंतर पुन्हा तपासणी, आणि तपासणीत कमी पडलं की संस्था माणसाला आवक-जावकच्या टेबलावर बसवते, हे त्यांनी दोघा-तिघांचं होताना बघितलं होतं. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली. चौतीस वर्षं झाडं ओळखली, आता पाकिटांवर शिक्के मारायचे? म्हणून ते गप्प बसले. बोटांनी ओळखू, सवयीनं ओळखू असं स्वतःला सांगत राहिले. घरून निघताना ताईकडून दहा-बारा सुया ओवून घ्यायचे आणि डब्याबरोबर न्यायचे. ताईला वाटायचं, वय झालं.

"तिसरं पोतंही वाया गेलं तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती," ते म्हणाले. "पाकीट समोरच होतं. उघडायला हात धजला नाही. दोन महिने."

मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, दोन महिने ती पोरगी झुरतेय आणि तुम्ही शीटवर शीट रचून बसलात? आणि गंमत बघा, ओरडून होत नाही तोच मीच त्यांना पळवाट काढून द्यायला लागले. शेवटी ताईचा नवरा. म्हटलं, सोपं आहे, पानं दाखवा. म्हणावं, रानातल्या माणसानं मिसळ पाठवली. खापर त्याच्यावर.

"पोत्यात काय भरलं ते त्यानं ठरवलं. पोत्यात काय आहे ते मी सांगितलं. सांगणं हे माझं काम होतं."

"बरं, तुमची चूक म्हणा. पण डोळ्याचं कशाला काढायचं? पानं दाखवली की चिमणी सुटली. डोळ्याचं ना तिला विचारतील, ना तुम्हाला."

"आणि बाकीची साठ पोती?"

"कुठली साठ?" मी विचारलं.

"डॉक्टरांनी सांगितल्यापासून एकसष्ट पोत्यांवर सही केलीय मी. हे एक सापडलं. उरलेल्या साठांवर लोक प्रयोग करतायत. डोळ्याचं लपवलं तर ती साठ पोती कोण तपासणार?"

मी त्या माणसाची इतकी वर्षं थट्टा केली, लग्नात बूट लपवण्यापासून सगळं केलं, पण त्या क्षणी मला त्यांच्याकडे मान वर करून बघवेना.

ताईला त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आणि मी मुकाट सुया ओवून देत होते." समितीच्या दिवशी सकाळी तिनं डबा भरला, शर्टाला इस्त्री करून दिली. डब्याबरोबर सुया ठेवल्या नाहीत.

समिती मोठ्या सरांच्या शेजारच्या खोलीत बसली होती. तिघं सदस्य, त्यातल्या बाईंना सर्दी झालेली, त्या दर दोन वाक्यांनी नाक पुसत होत्या. मला पेशींच्या नोंदवहीसाठी बोलावलं होतं म्हणून मी आत होते. चिमणी कोपऱ्यातल्या खुर्चीत, दोन्ही हात मांडीखाली दाबून. भावजींना कुणी बोलावलंच नव्हतं. ते शीट दोन्ही हातांवर आडवं धरून, ओलं कापड वाळत घालायला निघाल्यासारखे दारात उभे राहिले.

"पाचोळासाहेब, आत्ता नको," सर म्हणाले.

"आत्ताच," भावजी म्हणाले आणि आत आले.

त्यांनी टेबलावर पानं मांडली, डावीकडे पातळ, उजवीकडे जाड. पोत्यात बांडगूळ कसं आलं ते सांगितलं. सदस्य बाई भिंग घेऊन वाकल्या, नाक पुसायचं विसरल्या. चिमणीचे हात मांडीखालून बाहेर आले.

सर हुशार माणूस, त्यांच्या लगेच ध्यानात आलं की यातून सगळेच सुटतात. ते म्हणाले, "म्हणजे मिसळ रानातच झाली, हे उघड आहे. तसं लिहून घेऊ. आपल्याकडे कुणाचीच चूक नाही."

"आहे," भावजी म्हणाले. "पोतं मी चाळलं. मला दिसलं नाही, कारण मला नीट दिसतच नाही. सव्वा वर्ष झालं. मी कुणाला सांगितलं नाही. या काळातल्या एकसष्ट शीटांवरची माझी सही कुणी खरी मानू नये. ती सगळी पुन्हा तपासावी लागतील."

भावजींनी खिशातून आधीच लिहून आणलेली चिठ्ठी आणि डिंकाची छोटी बाटली काढली. अंगठ्यानं चाचपून जुन्या चिठ्ठीची कड शोधली. तिच्या शेजारी नवी लावली आणि तळहातानं दाबून धरली. अक्षर वाकडंतिकडं, ओळ वर चढलेली. लिहिलं होतं, 'पोत्यात बांडगुळाची पानं मिसळलेली. आधी दिलेली खात्री चुकीची.' खाली तारीख. खाली सही. चौतीस वर्षांत त्यांच्या शीटवर लागलेली पहिली चिठ्ठी, आणि ती लावणारे तेच.

मग ते चिमणीकडे वळले. "बाळ, तू बरोबर बघितलं होतंस. हे सांगायला माझ्याकडून दोन महिने उशीर झाला."

मला वाटलं ती आता रडेल, किंवा असू दे काका म्हणेल. तिनं दोन्ही केलं नाही. माफही केलं नाही, निदान त्या वेळी तरी. ती टेबलाशी आली, उजवीकडच्या ढिगाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काका, ही सतरा पानं मला मिळतील?"

भावजींचा चेहरा त्या आठवड्यात पहिल्यांदा सैल झाला. "पंधरा," ते म्हणाले. "दोन शीटला राहतील."

पंधरा पानांचा अर्क किती निघणार? बाटलीच्या बुडाला लागेल न लागेल एवढा. समितीनंच सांगितलं, करून बघा. त्या मुलीनं ती पानं खलात स्वतः कुटली. मी माझ्या सगळ्यात तरतरीत पेशी काढून दिल्या. प्लेट उबेच्या कपाटात गेली आणि तीन दिवस आम्ही दोघी कपाटाभोवती घुटमळत राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. गोल झालेल्या, मोकाट तरंगणाऱ्या. शेजारी निरोगी, जागच्या जागी. चिमणी मागून "काय? काय?" करत होती. मी बाजूला झाले आणि म्हटलं, "तूच बघ. आणि तुझ्यावर विश्वास ठेव आता."

यातून औषध होईल का? माझ्या हयातीत कदाचित नाही. खळग्यातल्या पेशी मारणं वेगळं आणि माणूस वाचवणं वेगळं, मधल्या वाटेवर शंभरातली नव्याण्णव गळतात. पण समितीनं चिमणीला निर्दोष ठरवलं, तिच्या वह्या कुलपातून बाहेर आल्या आणि काम पुढे चालू झालं. बांडगूळ ज्या झाडाचा रस पितं तसा त्याचा गुण बदलतो म्हणतात, त्यामुळे भावजींची जुनी चिठ्ठीही वाया गेली नाही. कुठल्या झाडावरचं बांडगूळ, हे तीच सांगते.

भावजींनी दोन्ही डोळे करून घेतले. आणि मग तेच झालं ज्याला ते भीत होते. त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. मला संताप आला, मी सरांकडे भांडायला निघाले होते, त्यांनीच अडवलं. म्हणाले, "बरोबर केलंय त्यांनी." दिवसभर पाकिटांवर शिक्के मारायचे, आणि डब्याच्या सुट्टीत जुन्या खोलीत जाऊन, नव्या सांभाळणाऱ्या बाईंच्या परवानगीनं, ती साठ शीट्स एकेक करून, पाकिटं उघडून तपासायचे. डबा तसाच परत यायचा. ताई चिडायची, मग तिनंही सोडून दिलं. पाच महिने लागले. साठांपैकी अठ्ठावन्न बरोबर निघाली, दोन चुकलेली. दोन्हींवर चिठ्ठ्या लागल्या. त्या दोन्ही पोत्यांवर काम करणाऱ्यांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. एकानं त्यांना बरंच ऐकवलं. ते ऐकून घेऊन खाली आले.

निवृत्तीच्या दिवशी खालच्या सभागृहात कार्यक्रम झाला. दळणवाले झाडून हजर. चिमणी पहिल्या रांगेत, शेजारी मी आणि ताई. सरांनी फ्रेममधलं मानपत्र वाचून दाखवलं. छापील मजकूर, सगळ्यांना तोच देतात, फक्त नाव बदलतात. त्यात एक वाक्य होतं, 'आपल्या प्रदीर्घ सेवेत त्यांच्या हातून एकही चूक झाली नाही.' चिमणीनं माझ्याकडे बघितलं. मी भावजींकडे बघितलं. मला वाटलं आता हा माणूस उठून काहीतरी बोलणार. पण त्यांनी फ्रेम घेतली, लांब धरून आपल्या नव्या डोळ्यांनी सावकाश वाचली, आणि काखेत मारली.

बोलायचा आग्रह झाला तेव्हा ते उभे राहिले आणि नव्या बाईंकडे बघून म्हणाले, "पोत्याच्या तळची मूठ मी दर वेळी घेतली. लोक हसले तरी घेतली. पण चौदाशे सात होईपर्यंत, चौतीस वर्षांत, ती एकदाही उघडून बघितली नाही, कारण माझी चूक होईल असं मला वाटलंच नव्हतं. तुम्ही मूठ घ्या, आणि त्याच दिवशी उघडा." एवढं बोलून बसले. दळणवाल्यांपैकी कुणाच्याही तोंडून चेष्टा निघाली नाही. चिमणी उठून गेली आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. नुसती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी चहाला खाली गेले तर ताई हॉलमध्ये कमरेवर हात ठेवून भिंतीकडे बघत उभी. मानपत्र टांगलं होतं. फ्रेमचा मागचा पुठ्ठा उचकटून पुन्हा बसवलेला दिसत होता, कोपऱ्यात खिळा जरा वाकडा. आत, 'एकही चूक झाली नाही' या ओळीच्या बरोबर शेजारी, एक पांढरी चिठ्ठी डकवली होती.

'तीन. शीट १३९८, १४०७, १४३१.' खाली तारीख आणि सही. अक्षर बारीक, ओळ अगदी सरळ.